बीज, भूमी आणि ‘ड’ जीवनसत्त्व

जपानातील नागोया विद्यापीठाच्या वैद्यकशास्त्रज्ञांनी २०२२ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. स्त्रियांच्या अंडाशयाचा कर्करोग पोटात पसरत असता त्या प्रसारास ‘ड’ जीवनसत्त्वाने आळा बसू शकतो, असे त्यांना प्रयोगशाळेत आढळून आले होते. अशी वार्ता कानी पडली की मनुष्याचे मन फार त्वरेने धावू लागते. ‘ड’ जीवनसत्त्व सूर्यप्रकाशाने मिळते. सूर्यप्रकाश तर आपल्या गोंदिया जिल्ह्यात मुबलक. तेव्हा उन्हात राबणाऱ्या आमच्या मायबहिणींना ह्या रोगाचे भय नाही, आणि ज्यांना असेल त्यांनी औषधाच्या दुकानातून एक पुडी आणून दुधातून घेतली की काम झाले, असे अनुमान दोन मिनिटांत तयार होते. प्रस्तुत लेखात ह्या अनुमानाच्या एकेका पायरीवर पाय ठेवून ती कितपत भक्कम आहे हे पाहावयाचे आहे. विषय स्त्रियांच्या शरीराचा. तो शाळेच्या अंकात कशाला, असे कोणास वाटेल. परंतु ह्या रोगाने जाणाऱ्या स्त्रिया कोणाच्या तरी माता असतात, आणि औषधाच्या पुडीवरील अक्षरे वाचून दाखविण्याचे काम पुष्कळ घरी विद्यार्थ्यांकडेच असते.

प्रथम ‘ड’ जीवनसत्त्वाविषयी. मुडदूस झालेल्या मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकतात, बरगड्यांवर गाठी येतात, टाळू वेळेवर भरत नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातील धुराने झाकोळलेल्या शहरांत हा रोग घरोघर होता. त्याचे कारण हुडकून काढण्याच्या इतिहासात एका मिशनरी डॉक्टरचे नाव आदराने घ्यावे लागते. थिओबाल्ड पाम हे जपानातील निईगाता येथे वैद्यकीय सेवा करीत असत. तेथे त्यांना मुडदूस दिसत नसे. इंग्लंडात परतल्यावर मात्र तो जिकडेतिकडे दिसू लागला. जपानी मुलांचे अन्न इंग्रज मुलांच्या अन्नाहून सकस होते असेही नव्हे. पाम ह्यांनी निरनिराळ्या देशांत काम करणाऱ्या मिशनऱ्यांकडून माहिती गोळा केली आणि १८९० साली असे मत मांडले की, जेथे सूर्यप्रकाश कमी तेथे मुडदूस जास्त. त्या काळी ह्या म्हणण्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

पुढील कथा थोडक्यात सांगता येईल. मेलनबी ह्यांनी १९१९ च्या सुमारास कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून दाखविले की कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने मुडदूस टळतो. त्याच वर्षी बर्लिन येथे हुल्डशिन्स्की ह्यांनी कृत्रिम अतिनील किरणांनी मुडदुसाची मुले बरी केली. एक पक्ष म्हणे रोगाचे मूळ अन्नात, दुसरा म्हणे उजेडात. दोघेही खरे ठरले. १९२२ साली मॅकॉलम ह्यांनी तेलातील त्या गुणकारी द्रव्यास ‘ड’ जीवनसत्त्व असे नाव दिले, आणि ते ज्या वर्गातील द्रव्यांपासून बनते त्यांच्या अभ्यासाबद्दल विंडाउस ह्यांना १९२८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्या शोधात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे, आणि तो फारसा कोणास ठाऊक नसतो. हचिसन ह्या डॉक्टरांनी पटेल व शहा ह्या सहकाऱ्यांसह नाशिक येथे मुडदुसाची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष १९२१ व १९२२ साली प्रसिद्ध केले. गरिबाघरची मुले अपुऱ्या अन्नावर वाढत असूनही दिवसभर बाहेर असत. त्यांच्यात हा रोग आढळेना. उलट ज्या सुखवस्तू घरांत पडद्याची चाल होती, जेथे दूधतुपाची वाण नव्हती, परंतु बायका व तान्ही मुले आतल्या खोल्यांतून बाहेर येत नसत, तेथे मुडदूस होता. भरल्या घरातील मूल हाडांनी दुबळे आणि चंद्रमौळी झोपडीतील मूल सरळ पायांचे! पाम ह्यांनी देशादेशांत जे पाहिले होते ते नाशिकमध्ये एकाच गावातल्या दोन आळ्यांत दिसून आले. माझ्या मते ह्या पाहणीचे मोल मोठ्या प्रयोगशाळेतील कामाहून कमी नाही, कारण हवा, पाणी आणि आकाश ही सर्वांना समान असता केवळ भिंतीने काय होते हे तीत स्पष्ट झाले.

आता हे द्रव्य शरीरात कसे तयार होते ते पाहू. आपल्या त्वचेत कोलेस्टेरॉलच्या जातीचे एक द्रव्य असते. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे किरण त्यावर पडले की त्याचे ‘ड’ जीवनसत्त्वात रूपांतर होते. परंतु हे रूप अद्याप निष्क्रिय असते. यकृतात त्यावर एक संस्कार होतो, मूत्रपिंडात दुसरा होतो, आणि मग क्रियाशील द्रव्य तयार होते. ते रक्तातून दूरदूरच्या पेशींपर्यंत जाते आणि पेशींतील एका विशिष्ट ग्राहकाला जोडले जाऊन कोणत्या जनुकाने काम करावे व कोणत्या जनुकाने थांबावे ह्यात हात घालते. म्हणून शास्त्रज्ञ त्याला आज जीवनसत्त्वापेक्षा संप्रेरक म्हणणे अधिक योग्य समजतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी; पुढे तिची गरज पडणार आहे.

येथे एका रूढ समजुतीचा विचार करणे प्राप्त आहे. ‘ड’ जीवनसत्त्वासाठी सकाळचे कोवळे ऊन घ्यावे असे आपल्याकडे सर्वत्र सांगतात. कोवळे ऊन अंगाला सुखावते हे खरे. पण सूर्य क्षितिजाजवळ असता त्याच्या किरणांना वातावरणाचा फार जाड थर तिरपा ओलांडून यावे लागते, आणि नेमके आपल्याला हवे असलेले किरण वाटेतच शोषले जातात. ह्याची परीक्षा विद्यार्थ्यांना शाळेच्या पटांगणात करता येईल. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असेल तेव्हा हे किरण पुरेसे पोहोचतात. सावली लांब असेल तर थोडे. गोंदिया शहर सुमारे साडेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात येथे एके दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते; जुलैच्या मध्यास हे पुन्हा घडते, पण तेव्हा आकाश ढगांनी भरलेले असते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र ऐन मध्यान्हीदेखील काठीची सावली जवळजवळ काठीएवढीच पडते. काचेच्या तावदानातून हे किरण आत येत नाहीत, तेव्हा खिडकीशी बसून घेतलेले ऊन ह्या कामी निरुपयोगी. आणि सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य हे किरण अडवीत असल्यामुळे आपल्या लोकांना गोऱ्या माणसांपेक्षा अधिक वेळ उन्हात राहावे लागते. पुण्याच्या परिसरातील पुरुषांवर केलेल्या एका अभ्यासात (२०१८) रक्तातील प्रमाण समाधानकारक राहण्यासाठी दररोज एक तासाहून अधिक वेळ ऊन अंगावर पडावे लागते असे दिसून आले.

म्हणजे सूर्य मुबलक असणे निराळे आणि तो अंगावर पडणे निराळे. दिल्ली येथील वैद्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत वरवर निरोगी दिसणाऱ्या माणसांतही ‘ड’ जीवनसत्त्वाची मोठी उणीव आढळली, आणि त्यानंतर देशाच्या अनेक भागांतून तसेच वृत्त आले. आपल्या जिल्ह्याचाच विचार करा. आषाढात बांधीत वाकून रोवणी करणारी स्त्री आणि घराच्या पडवीत सुपात तेंदूची पाने घेऊन दिवसभर विड्या वळणारी स्त्री एकाच गावात, कधी कधी एकाच घरात असतात. एकीच्या पाठीवर ऊन असते, दुसरीच्या नाही. आणि पहिलीचेही डोके, पाठ व हात बहुधा लुगड्याने किंवा जुन्या सदऱ्याने झाकलेले असतात, तेही योग्यच, कारण वैशाखाच्या उन्हात उघडे राहणे कोणास परवडेल? नाशिकची भिंत पडली असे म्हणावे तर ती दुसऱ्या रूपाने उभी आहे.

अनुमानाची पहिली पायरी अशी डळमळीत निघाली. आता रोगाकडे वळू.

अंडाशय म्हणजे स्त्रीच्या ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन्ही अंगांना असणाऱ्या, साधारण बदामाएवढ्या दोन ग्रंथी. त्यांत बीजांडे पक्व होतात. त्यांचा कर्करोग भारतीय स्त्रियांत स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाखालोखाल आढळतो. २०२० सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे ४५ हजार स्त्रियांना तो नव्याने जडला आणि सुमारे ३२ हजार स्त्रिया त्याने मृत्यू पावल्या. ह्या दोन आकड्यांतील अंतर इतके थोडे का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ह्या रोगाच्या पसरण्याच्या रीतीत आहे.

इतर बहुतेक कर्करोगांच्या पेशी रक्तवाहिन्यांतून किंवा लसिकावाहिन्यांतून वाट काढीत दूर जातात. अंडाशयाच्या कर्करोगाला एवढे कष्टही पडत नाहीत. आपले आतडे, जठर, यकृत ही इंद्रिये ज्या पोकळीत आहेत तिला आतून एका पातळ, ओलसर पडद्याचे अस्तर असते. त्यास उदरावरण म्हणतात. त्याच्या घड्या उलगडल्या तर त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ आपल्या कातडीएवढे भरेल. अंडाशय ह्या पोकळीत उघडेच लोंबत असतात. त्यांवर किंवा त्यांना लागून असलेल्या गर्भनलिकेच्या झालरीसारख्या टोकावर (पुष्कळ रोग्यांत रोगाचा आरंभ तेथेच होतो असे आता मानतात) दुष्ट पेशी वाढल्या की त्या सुट्या होऊन पोकळीतील पाण्यात गळतात. श्वासाबरोबर वरखाली होणाऱ्या पडद्याच्या हालचालीने ते पाणी सतत फिरत असते आणि त्याबरोबर ह्या पेशीही लहान लहान पुंजक्यांनी तरंगत हिंडतात. आतड्यांसमोर चरबीची जी झालर असते, जिला वपा म्हणतात, तिच्यावर त्या विशेषेकरून रुजतात. ह्या सर्व काळात स्त्रीला विशेष काही होत नाही. पोट जरा जड वाटते, अन्न नकोसे होते. पुढे पोटात पाणी साठू लागते. जुने लोक त्याला जलोदर म्हणत. पोट दिसण्याजोगे वाढले म्हणजे मग वैद्याची आठवण होते, आणि तोवर रोग साऱ्या उदरावरणावर पेरला गेलेला असतो.

‘पेरला गेलेला’ हा शब्द मी सहज योजला नाही. १८८९ साली लंडनचे शल्यवैद्य स्टीफन पॅजेट ह्यांनी स्तनाच्या कर्करोगाने मेलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवपरीक्षांची टिपणे तपासली. रोग शरीरात वाटेल तेथे पसरत नाही, काही इंद्रियांत वारंवार आणि काहींत क्वचितच जातो, हे पाहून त्यांनी म्हटले की कर्करोगाची पेशी हे बीज आहे. बीज चहूकडे उधळले गेले तरी अनुकूल भूमी मिळाल्याखेरीज ते रुजत नाही. आजवर सर्वांनी बीजाचाच अभ्यास केला, भूमीचाही करावा, असा त्यांचा आग्रह होता. धानाच्या मुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा दृष्टान्त लंडनकरांहून अधिक चांगला कळावा. पऱ्हे कितीही जोमदार असोत, कोरड्या, टणक बांधीत ते लागत नाहीत. आधी पाणी अडवावे लागते, चिखल करावा लागतो, आणि मगच रोवणी.

नागोयाच्या संशोधकांनी नेमकी ही भूमी तपासली. उदरावरणाच्या पृष्ठभागावर चपट्या पेशींचा एक थर असतो. फरशा जोडून बसवाव्यात तशा त्या एकमेकींना घट्ट लागलेल्या असतात आणि तो पृष्ठभाग सारवलेल्या जमिनीसारखा गुळगुळीत असतो; त्यावर परकी पेशी सहसा चिकटत नाही. परंतु कर्करोगाची पेशी स्वतःच चिखलणी करते. ती टीजीएफ-बीटा-१ नावाचे द्रव्य पाझरते. ते ह्या रक्षक पेशींना लागले की त्यांचा स्वभाव पालटतो. त्या परस्परांपासून सुटतात, लांबोळक्या चातीसारख्या होतात, आणि थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणात बाहेर टाकू लागतात. हे प्रथिन कर्कपेशींना चिकटण्यास व वाढण्यास साहाय्य करते. जे कुंपण होते तेच शेत झाले. कुंपणाने शेत खाल्ल्याची म्हण आपल्याकडे आहे, पण येथे प्रकार त्याहूनही वाईट.

‘ड’ जीवनसत्त्वाचा प्रवेश ह्या ठिकाणी होतो. टीजीएफ-बीटाचा निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचविण्याचे काम स्मॅड-३ नावाचा दूत करतो. मागे सांगितल्याप्रमाणे ‘ड’ जीवनसत्त्वाचा ग्राहकही पेशीतच असतो. जीवनसत्त्व त्याला जोडले गेले की तो जनुकावरील जागेसाठी स्मॅड-३ शी स्पर्धा करतो, दूताला आपले काम करता येत नाही, आणि थ्रॉम्बोस्पॉन्डिनची निर्मिती मंदावते. आश्चर्याची गोष्ट अशी की, ज्या पेशी आधीच बिघडल्या होत्या त्याही ‘ड’ जीवनसत्त्वाच्या योगाने पुष्कळ अंशी पूर्वरूपावर आल्या. मानवी कर्कपेशी ज्यांच्या पोटात घातल्या होत्या अशा उंदरांतही उदरावरणावरील रोगाचा प्रसार स्पष्टपणे कमी झाला. ह्यात ‘ड’ जीवनसत्त्वाने कर्कपेशींचा संहार केला असे संशोधकांचे मुख्य म्हणणे नाही. त्याने भूमी पुन्हा टणक केली, असे आहे. अमेरिकेतील सॉक संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१४ साली स्वादुपिंडाच्या कर्करोगात असाच अनुभव उंदरांवरून नोंदविला होता, त्यामुळे ही कल्पना एकाच प्रयोगशाळेपुरती नाही.

बीजाच्या बाजूचे काम मात्र महाराष्ट्रात झाले आहे आणि त्याचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. पेशी काचेच्या पात्रात वाढवून कर्करोगाचा अभ्यास करण्याची परंपरा मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झाली. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे ह्यांनी तेथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारून ती दृढ केली. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. शर्मिला बापट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगाने पीडित अशा एका स्त्रीच्या पोटातील पाणी घेतले. वाढलेल्या पोटातून असे पाणी रोग्याला आराम पडावा म्हणून काढतात. त्यातील पेशी वेगवेगळ्या करून वाढविल्या असता त्या पाण्यातील सर्वच पेशी सारख्या नसतात असे आढळले. त्यांतून वेगळ्या काढलेल्या वंशांपैकी एक असा निघाला की तो उंदरात पुनःपुन्हा गाठ उत्पन्न करू शके. दुसरा एक वंश पात्रात वाढता वाढता आपोआप तसाच बनला. ह्या पेशींना मूलपेशींचे गुण होते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या कामावरून समजते की औषधाने गाठ वितळली तरी रोग परत का येतो: थोडे बियाणे कोठेतरी शिल्लक राहते. पुण्याचे बीज आणि नागोयाची भूमी ही दोन्ही एकत्र वाचली पाहिजेत. भूमी टणक केली तरी असे चिवट बीज तेथे वर्षानुवर्षे पडून राहील की नाही, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता शेवटची पायरी, आणि ती सर्वांत निसरडी आहे. काचपात्रापासून उंदरापर्यंतचे अंतर मोठे; उंदरापासून स्त्रीपर्यंतचे त्याहून मोठे.

सूर्य व कर्करोग ह्यांचा संबंध जोडण्याचा प्रयत्न जुना आहे. अपर्ली ह्यांनी १९४१ साली दाखविले की उत्तर अमेरिकेच्या उन्हाळी भागांत कर्करोगाने मृत्यू कमी होतात. १९८० साली गार्लंड बंधूंनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाविषयी तसेच म्हटले आणि त्यात ‘ड’ जीवनसत्त्वाचे कारण सुचविले. १९९४ साली लेफ्कोविट्झ व गार्लंड ह्यांनी अंडाशयाच्या कर्करोगापुरता तोच नकाशा मांडला. परंतु नकाशावरून कारण ठरविणे धोक्याचे असते. उन्हाच्या मुलखातील स्त्रिया आणखी कितीतरी बाबतींत निराळ्या असतात. ज्यांना अधिक मुले होतात व ज्या मुलांना दीर्घकाळ अंगावर पाजतात त्यांना हा कर्करोग कमी होतो, हे चांगले सिद्ध झाले आहे. तेव्हा आपल्याकडील स्त्रियांत तो कमी दिसला तर श्रेय सूर्याला द्यावे की पाळण्याला? शिवाय काही कुटुंबांत बीआरसीए नावाच्या जनुकातील दोष आईकडून किंवा बापाकडून उतरतो, आणि त्या मुलींना कितीही ऊन मिळाले तरी धोका मोठाच राहतो.

अशा वेळी निवाडा एकाच रीतीने होतो: पुष्कळ माणसे घ्यावी, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करावे, एका गटाला औषध व दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी द्यावी, आणि कोणाला काय मिळाले हे शेवटपर्यंत गुप्त ठेवावे. अमेरिकेत २५,८७१ माणसांवर असा प्रयोग झाला. त्यांतील निम्म्यांना रोज २,००० एकके ‘ड’ जीवनसत्त्व दिले. साधारण सव्वापाच वर्षांनी पाहता, जीवनसत्त्व घेणाऱ्यांत ७९३ जणांना व न घेणाऱ्यांत ८२४ जणांना कर्करोग झाला होता. हा भेद योगायोगानेही पडू शकेल इतका लहान आहे. कर्करोगाने मृत्यू अनुक्रमे १५४ व १८७. हा आकडा आशा वाटावी असा आहे, पण तोही निर्णायक नाही. पुढील बारकाईच्या तपासणीत शरीरभर पसरलेल्या किंवा प्राणघातक ठरलेल्या कर्करोगाचे प्रमाण जीवनसत्त्व घेणाऱ्यांत काहीसे कमी दिसले, विशेषतः जे स्थूल नव्हते त्यांच्यात. रोग होण्याला आळा नाही, पण पसरण्याला कदाचित थोडा आहे, असा ह्याचा कल दिसतो, आणि नागोयाच्या भूमीच्या कल्पनेशी तो विसंगत नाही. तथापि हे सर्व तऱ्हेचे कर्करोग मिळून आकडे आहेत. आणखी एक: ऑस्ट्रेलियात २१ हजारांहून अधिक वयस्कर माणसांना महिन्यास ६० हजार एकके अशी मात्रा पाच वर्षे दिली, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एकूण मृत्यूंमध्ये काहीही घट दिसली नाही.

साठ हजारांची ती पुडी आपल्या औषधाच्या दुकानांतूनही सहज मिळते. हाडे दुखत असता, रक्त तपासून, डॉक्टर ती आठवड्यातून एक अशी काही आठवडे देतात, आणि उणीव खरोखरच असेल तर तिचा गुणही येतो. मात्र निरोगी प्रौढ माणसाची दररोजची गरज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली ६०० एकके एवढीच ठरविली आहे, आणि रोज ४,००० एककांपलीकडे स्वतःच्या मताने जाऊ नये असे तज्ज्ञ सांगतात. पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांप्रमाणे जास्तीचे ‘ड’ लघवीवाटे निघून जात नाही. ते चरबीत साठते. फार साठले तर रक्तातील कॅल्शियम वाढते, ओकाऱ्या होतात, भ्रम होतो, मूत्रपिंडे बिघडतात. कर्करोगाच्या औषधांनी आधीच थकलेल्या स्त्रीला ही भर कशी सोसावी? शिवाय पेशीतील ग्राहकाला जोडले जाते ते ‘ड’ चे क्रियाशील रूप. ते किती बनवावे ह्यावर शरीर स्वतः कडक नियंत्रण ठेवते. पुड्या दुप्पट खाल्ल्या म्हणून उदरावरणाच्या पेशींपर्यंत दुप्पट पोहोचते असे नव्हे. ज्या दिवशी शस्त्रक्रिया व औषधे घेणाऱ्या रोगी स्त्रियांतच चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगाने लाभ दिसेल, त्या दिवशी डॉक्टर ते स्वतःच लिहून देतील.

तोवर रोग लवकर ओळखणे हाच मार्ग उरतो, आणि तोही सोपा नाही. इंग्लंडात दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर दीर्घकाळ चाललेल्या प्रयोगाचे अंतिम निष्कर्ष २०२१ साली आले: लक्षणे नसलेल्या स्त्रियांची दरवर्षी रक्ततपासणी किंवा सोनोग्राफी करूनही ह्या रोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून लक्षणांकडेच पाहावे लागते. अमेरिकेतील डॉ. बार्बरा गॉफ ह्यांनी २००७ साली ती मोजण्याची एक साधी रीत सांगितली. पोट फुगणे किंवा पोटाचा घेर वाढणे. थोडे खाल्ले तरी पोट गच्च होणे, जेवण न जाणे. ओटीपोटात किंवा पोटात दुखणे. ह्यांपैकी काहीही वर्षभराच्या आत नव्याने सुरू झाले असेल आणि महिन्यातून बारांहून अधिक दिवस होत असेल, तर ते तपासून घ्यावे. लघवीला वारंवार जावे लागणे हेही एक लक्षण आहे. अशा तक्रारी असलेल्या बहुतेक स्त्रियांना कर्करोग नसतो, हेही तितकेच खरे.

आमच्याकडे ह्या तक्रारींना ‘गॅस’ हे एकच नाव आहे आणि ओवा हे एकच औषध. रोवणीच्या दिवसांत तर मजुरी बुडते म्हणून कोणतीही बाई पोटाचे दुखणे बांधी संपेपर्यंत पुढे ढकलते. त्यात तिचा दोष नाही. गोंदियात बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आहे. तेथे स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासणी होऊ शकते, आणि शंका आल्यास सव्वाशे किलोमीटरवरील नागपुरास राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. ह्या रोगात पहिली शस्त्रक्रिया कोणाच्या हातून होते ह्याला फार महत्त्व असते, कारण डोळ्यांना दिसणारा रोग शक्य तितका पूर्ण काढला गेला तर पुढचे आयुष्य वाढते. म्हणून गाठ दिसताच जवळ मिळेल तेथे घाईने ती काढून घेण्यापेक्षा नागपूरची वाट धरावी. आणि ते बारा दिवस मोजण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचा हिशेब मांडतात, त्याच चौकोनात, आईचे पोट ज्या दिवशी दुखले त्या दिवशी मुलाने एक फुली करून ठेवावी.